भादलीचा निकाल भिवंडीच्या गावांनीही वाचावा

भिवंडी : ग्रामपंचायतीचा गुलाल उतरला. कोण आलं, कोण पडलं, याची चर्चा नाक्यानाक्यावर चालू होती. पण जळगाव तालुक्यातल्या भादली बुद्रुकचा निकाल आपल्या तालुक्यातल्या गावांनीही समजून घ्यावा असा आहे. तिथे अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवार महिलांसाठी राखीव असलेल्या जागेवरून निवडून आल्या.

त्यांनी उमेदवारी अर्जात 'स्त्री' असं लिहिलं होतं. छाननीत अर्ज बाद झाला. तृतीयपंथीयांसाठी या निवडणुकीत आरक्षणच नाही, असं कारण निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने दिलं. पाटील यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारायला सांगितलं. १५ तारखेला मतदान झालं, १८ ला मतमोजणी.

न्यायालयाने आधार घेतला तो २०१९ च्या तृतीयपंथी हक्क संरक्षण कायद्याचा. आपली ओळख स्त्री, पुरुष की तृतीयपंथी, हे ज्याचं त्याने ठरवायचं, असं त्याचं कलम ४ तेव्हा सांगत होतं. हेच सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात सांगितलं होतं. त्या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठीही होत्या.

गावात लगेच शंका निघते : मग उद्या कुणीही 'मी बाई' म्हणून बायकांची जागा घेईल का? महिलांचं ५० टक्के आरक्षण मोठ्या कष्टाने मिळालंय, त्यामुळे शंका चुकीची नाही. पण पाटील यांनी कोर्टात लिहून दिलं, की यापुढे आयुष्यभर आपण स्त्री म्हणूनच राहू, सोयीनुसार ओळख बदलणार नाही. म्हणजे वाट मोकळी झाली, पण तिला कुंपणही आहे.

कायद्यात गोंधळही होता. २०२० च्या नियमांप्रमाणे 'तृतीयपंथी' असं प्रमाणपत्र शपथपत्रावर जिल्हाधिकाऱ्यांनी ३० दिवसांत द्यायचं होतं, वैद्यकीय तपासणी नव्हती. अर्ज ऑनलाइन करता येत होता, त्यामुळे ठाण्याला खेपा घालायला नको होत्या. मात्र प्रमाणपत्रावर 'स्त्री' किंवा 'पुरुष' हवं असेल, तर शस्त्रक्रियेचा दाखला मागितला जात होता. एकीकडे ओळख ज्याची त्याने ठरवायची आणि दुसरीकडे डॉक्टरचा कागद आणायचा, हे जुळत नव्हतं. प्रत्येकाला भादलीसारखं कोर्टात जाणं परवडणार नाही.

गावासाठी सगळ्यात कामाचं कलम मात्र १८ वं आहे. तृतीयपंथी म्हणून कुणाला घरातून किंवा गावातून हुसकावून लावलं, सार्वजनिक जागेवर जाण्यापासून अडवलं, मारहाण केली, तर ६ महिने ते २ वर्षं कैद आणि दंड. त्यातही एक खोट आहे : लैंगिक अत्याचारालाही शिक्षा तेवढीच, जास्तीत जास्त २ वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर किमान १० वर्षं.

पोराची चाल-बोली वेगळी दिसली की 'लोक काय म्हणतील' म्हणून त्याला घराबाहेर काढलं जातं. पुढे शाळा सुटते, रेशन कार्डावरचं नाव जातं, मतदार यादीतलंही. भादलीच्या मतदारांनी अशाच एका उमेदवाराला पंचायतीत बसवलं. आपल्याकडे आधी निदान घरातली नावं कार्डावर राहू द्या. तेवढ्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.