मंडळांतला गायक एकटा गाऊं लागला म्हणजे

भजनी मंडळांत गोड गळ्याचा एखादा तरुण निघाला, कीं मंडळाचें नांव होतें. पण तोच तरुण स्वतंत्र गाऊं लागला, कीं मंडळाचें तोंड वांकडें होतें. गतवर्षीं येथें सेवाग्रामाशेजारच्या एका गांवीं असाच प्रकार घडला. तरुणानें आपलीं चार गाणीं निराळीं मुद्रित करून घेतलीं, आणि मृदंग वाजविणाऱ्यानें त्याच्याशीं बोलणें टाकलें. दोघेही आमचे जुने विद्यार्थी. वाद साहजिकच आमच्या ओसरीवर आला. तेव्हां आम्हीं त्यांस जी हकीकत सांगितली, ती वाचकांसही ऐकविण्याजोगी वाटते.

सेवाग्राम आश्रमाच्या प्रार्थनेंत जी झरथुष्ट्री गाथा म्हटली जाते, त्याच धर्माच्या घरांत, झांजिबार येथें, 5 सप्टेंबर 1946 रोजीं फरोख बल्सारा हा मुलगा जन्मला. आठव्या वर्षीं आईबापांनीं त्यास आपल्या पांचगणीस सेंट पीटर्स शाळेंत ठेवलें. मुलास संगीताचें अंग आहे हें तेथील मुख्याध्यापकांच्या ध्यानीं आलें. थोडी जादा फी भरून त्यास पियानो शिकवावा, असें त्यांनीं पालकांस कळविलें. गणितांत कच्च्या मुलाविषयीं पालकांस पत्रें धाडणारे शिक्षक पुष्कळ असतात. असलें पत्र धाडणारे थोडेच. पुढें 1958 सालीं पांच मुलांनीं 'हेक्टिक्स' नांवाचें मंडळ काढलें. त्यांत फरोख पियानोवर असे. मुख्य गायक दुसराच मुलगा होता! उद्यां जगास वेड लावणारा गळा प्रथम दुसऱ्याच्या गाण्यास साथ करीत होता, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

1964 मध्यें झांजिबारांत राज्यक्रांति झाली व बल्सारा कुटुंब इंग्लंडास गेलें. तेथें 1970 सालीं 'क्वीन' हें रॉक मंडळ निघालें, आणि फरोखचा फ्रेडी मर्क्युरी झाला. रॉक म्हणतांच घरांतील वडील मंडळी कानांवर हात ठेवतात हें आम्ही जाणतों. आम्हांसही तें फार वेळ सोसवत नाहीं. पण त्या चौघांची वहिवाट ध्यानांत घेण्याजोगी आहे. ढोल वाजविणारा रॉजर टेलर यानें 1981 सालींच आपली स्वतंत्र तबकडी काढली होती. गिटारवादक ब्रायन मे यानें 1983 सालीं. कोणीं कोणावर रुसलें नाहीं. गायकाची पाळी शेवटीं आली. 1985 च्या एप्रिल अखेरीस 'मिस्टर बॅड गाय' ही फ्रेडीची पहिली स्वतंत्र तबकडी निघाली. गाणीं अकरा, सर्व त्याचीं स्वतःचीं. मुद्रण म्युनिक येथें, वादक बाहेरचे. इंग्लंडांत विक्रीच्या यादींत ती सहाव्या क्रमांकापर्यंत गेली. अर्पणपत्रिका होती आपल्या मांजराला! आणि मंडळांतील तिघां सोबत्यांचे त्यानें आभार मानले होते, ते त्यांनीं मध्यें ढवळाढवळ केली नाहीं याबद्दल. हें ऐकून आमचा मृदंगवाला प्रथमच हंसला.

तबकडी निघाल्यास पुरते तीन महिने झाले नव्हते, तोंच 13 जुलै रोजीं लंडनच्या वेम्ब्ले मैदानावर दुष्काळनिवारणासाठीं जी संगीतसभा भरली, तींत हे चौघे पुन्हां एकत्र उभे राहिले. वेळ सुमारें वीस मिनिटांचाच. परंतु त्या दिवशींचें त्यांचें गाणें जाणते लोक अद्याप वाखाणतात. स्वतंत्र गाण्यानें सोबत तुटली असती, तर हें घडलें असतें काय?

24 नोव्हेंबर 1991 रोजीं एड्सच्या विकारानें फ्रेडी वारला. मागें राहिलेल्या तिघांनीं 1995 सालीं मंडळाची नवी तबकडी पुरी केली. तींत त्यांनीं सोबत्याच्या त्या स्वतंत्र तबकडींतील दोन गाणीं घेतलीं. गळा त्याचाच ठेवून वाद्यें मात्र स्वतः नव्यानें वाजविलीं. त्या तबकडीचें 'मेड इन हेवन' हें नांवही त्या दोहोंपैकीं एका गाण्याचेंच आहे.