थरथर अ‍ॅक्सलची, खापर मोटरवर

इलेक्ट्रिक गाडी वेग घेताना थरथरली, की सर्व्हिस सेंटरवाले अनेकदा तपासणीआधीच सांगून मोकळे होतात : 'सॉफ्टवेअर अपडेट करा, नाहीतर मोटर बदला.' मला हे मान्य नाही. मूल का अडखळतं हे न पाहता शेरा मारणारा मास्तर काय कामाचा?

आधी थरथर कधी होते ते पाहा. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर होते आणि पाय सैल केला की थांबते, तर पहिला संशय अ‍ॅक्सलच्या आतल्या बाजूच्या सीव्ही जॉइंटवर घ्या. इलेक्ट्रिक मोटर सुरुवातीपासूनच भरपूर टॉर्क देते. तो भार याच सांध्यावर पडतो. टेस्लाच्या मॉडेल एक्समध्ये हाच दोष गाजला. पाय सैल करूनही ठरावीक वेगाला थरथर राहते, तर टायर आणि चाकांचं बॅलन्सिंग तपासा. मोटरचे माउंटही बघा.

यातलं काहीही आपल्या मोहल्ल्यातल्या गॅरेजवाल्या पोराला परकं नाही. नारिंगी केबलला प्रशिक्षणाशिवाय हात लावू नये, हे खरंच. पण त्या केबलचा धाक दाखवून साध्या अ‍ॅक्सलचं कामही त्याच्याकडून काढून घेणं ही सुरक्षितता नव्हे, मक्तेदारी आहे. पोरांना प्रशिक्षण द्या, गिऱ्हाइकाला बिघाडाचं कारण लेखी द्या. एवढं मागणं म्हणजे मेहेरबानी नाही, हक्क आहे.