भिंतींनी राखलेला हिशेब

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात वॉरम पर्सी नावाचे गाव होते. त्या मध्ययुगीन गावापैकी आज गवताखाली गेलेली घरांची जोती आणि सेंट मार्टिनचे छप्पर नसलेले चर्च एवढेच उरले आहे. भग्न वास्तूचे सौंदर्य पाहून हळहळणारे प्रवासी पुष्कळ असतात. वस्तुतः हे चर्च म्हणजे गावाची जमाखर्चाची वही आहे.

दहाव्या शतकातील लहानशा लाकडी प्रार्थनागृहाच्या जागी पुढे दगडी चर्च उभे राहिले. बाराव्या-तेराव्या शतकांत वस्ती वाढली, तेव्हा त्याला दोन्ही बाजूंनी ओवऱ्यांसारखी दालने जोडण्यात आली. पुढे वस्ती आटली, दालने पाडली गेली आणि मधल्या कमानी दगडांनी बुजवण्यात आल्या. त्या कमानी आजही भिंतीत स्पष्ट दिसतात.

१३४९ च्या प्लेगने गाव संपले, हा समज सोयीस्कर असला तरी खरा नाही. त्यानंतरही सुमारे दीड शतक गाव नांदत होते. साथीने मजूर दुर्मिळ झाले, मजुरी वाढली आणि धान्यापेक्षा लोकर किफायतशीर ठरू लागली. नांगराला अनेक हात लागतात, मेंढरांना एक मेंढपाळ पुरतो. १५०० च्या सुमारास उरलीसुरली कुटुंबेही निघाली आणि शेतांची कुरणे झाली. माणसे हटली ती रोगापेक्षा हिशेबाने.

हे उलगडले कसे? अर्थशास्त्रीय इतिहासाचे अभ्यासक मॉरिस बेरेसफर्ड १९४८ मध्ये येथे आले. पुढे पुरातत्त्वज्ञ जॉन हर्स्ट यांच्यासह १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे, दर उन्हाळ्यात, स्वयंसेवकांच्या मदतीने उत्खनन चालले. शोध राजवाड्याचा नव्हता, सामान्य कुळांच्या घरांचा होता. दरम्यान १९५९ मध्ये चर्चचा मनोरा अर्धा कोसळला. तरी उरलेल्या भिंती राखल्या गेल्या, म्हणूनच त्या वाचता आल्या.

आपल्या महसुली दप्तरात ओसाड गावाला ‘बेचिराख’ म्हणतात: जेथे दिवा लागत नाही ते. नावाची नोंद राहते. माणसे का गेली, याची मात्र राहत नाही. किल्ले आणि लेणी जपली जावीत हे खरेच. परंतु पडकी चावडी, बुजलेली विहीर आणि ग्रामदैवताचे ओस देऊळ यांची मोजदाद कोणी करावयाची? महाविद्यालयांनी उन्हाळ्याच्या सुटीत हे काम अंगावर घेतल्यास त्यास फारसा खर्च नाही. भिंत पडल्यावर मात्र कोणत्याही अनुदानाने तिची साक्ष परत मिळत नाही.