मातीतली भाऊबंदकी

माती या शब्दाला आपण मराठी माणसांनी फारसे चांगले वागवलेले नाही. धंदा बुडाला की त्याची माती झाली, आणि वस्तू फुकापासरी गेली की ती मातीमोल! भाषा शिकवणे हा पेशा असल्यामुळे अशा शब्दांचा हिशेब ठेवण्याची मला खोड आहे. पण पहिल्या पावसाचा मृद्गंध ही ज्यांची करणी, त्या स्ट्रेप्टोमायसिस नावाच्या जिवाणूंची कुळकथा वाचल्यापासून 'मातीमोल' म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.

चिमूटभर मातीत कोट्यवधी जिवाणू नांदतात. नांदतात कसले, भांडतात! अन्न थोडे, वाटेकरी फार. तेव्हा एकमेकांचे बांध कोरणे आलेच. एकजण शेजाऱ्यावर विष सोडतो. शेजारी ते मोडून टाकणारा रस तयार ठेवतो, किंवा विहीर उपसावी तसे विष बाहेर उपसून टाकतो. विष करणाऱ्यालाही स्वतःपुरते कवच बाळगावे लागते. नाही तर पहिला बळी तोच!

हेच विष माणसाने उचलले आणि त्याचे औषध केले. १९४३ साली अमेरिकेत, रटगर्स विद्यापीठातील सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याला भरपूर खत घातलेल्या शेतातल्या मातीत असा एक जिवाणू सापडला. त्यातून निघाले स्ट्रेप्टोमायसिन, क्षयावर चालणारे पहिले प्रतिजैविक. पुढे श्रेयाच्या आणि पैशाच्या वाटणीवरून शिष्याने १९५० साली गुरूला कोर्टात खेचले. शॅट्झ यांना सहसंशोधक म्हणून मान्यता मिळाली. १९५२ चे नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना. मातीतली भाऊबंदकी अशी प्रयोगशाळेपर्यंत पोचली!

पण जिथे विष, तिथेच उतारा, हे आपण विसरलो. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत स्ट्रेप्टोमायसिन एकटेच दिले, तेव्हा रोगी आधी सुधारले आणि मग पुष्कळांच्या छातीतले जंतू औषधाला जुमानेनासे झाले. क्षयाला एकाच वेळी अनेक औषधे महिनोन् महिने द्यावी लागतात, ती म्हणूनच. २०११ साली तर कॅनडातील युकॉन प्रदेशात ३०,००० वर्षे गोठून पडलेल्या मातीतही पेनिसिलिनच्या जातीच्या औषधांना दाद न देणारी जनुके आढळली. औषध आपल्या हाती येण्याच्या कितीतरी आधी उतारा तयार होता! शिवाय या मंडळींचा वारसाहक्क मोठा उदार. ही विद्या ते पोरांनाच नव्हे, परक्या जातीच्या शेजाऱ्यालाही देऊन टाकतात. वाटणीपत्र नको, दत्तकविधान नको.

आता आपल्या टेबलाचा खण उघडा. मागच्या तापातल्या उरलेल्या गोळ्या तिथे असतील. ताप उतरला म्हणून त्या बंद झाल्या आणि 'पुढेमागे उपयोगी पडतील' म्हणून जपून ठेवल्या. मग कुणाला सर्दी झाली की वहिनी त्यातलीच एक प्रेमाने काढून देतात. सर्दी विषाणूंची, तिला ही गोळी लागूच पडत नाही. पोटातले दुबळे जिवाणू तेवढे मरतात, आणि निगरगट्ट असतील त्यांना घर मोकळे मिळते. उद्या घरातल्याच एखाद्या लेकराला खरोखर औषध लागेल, तेव्हा ते चालेल ना, एवढाच प्रश्न आहे.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत तो खणही घ्या. डॉक्टर सांगतील तेच औषध, सांगतील तितके दिवस. आणि उरलेल्या गोळ्या मोरीत मात्र ओतू नका. त्या फिरून मातीपाण्यातच जातात, आणि तिथली मंडळी भांडायला टपलेलीच आहेत!