पावसानंतरची सांदवाडी

पाऊस परतला की आपल्या भंडारा जिल्ह्यात दोन कामं एकदम अंगावर येतात. बांधीत हलकं धान कापणीला येतं आणि घरामागच्या सांदवाडीत गवत गुडघाभर वाढलेलं असतं. धानाच्या घाईत सांदवाडी मागे पडते. मग हिवाळाभर आठवडी बाजारातून भाजी आणायची आणि ती धुताना हिच्यावर काय फवारलं असेल, या विचारात राहायचं. यंदा हे टाळू या.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लागवड उरकायला हवी. उशीर झाला तर टमाटर, कोबी भरात येतात तेव्हाच ऊन तापायला लागतं.

आधी मातीकडे बघू. आपल्याकडे वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यात नत्र वाहून जातं, वरचा थर चोपून घट्ट बसतो. म्हणून वीतभर खोदून दोन-तीन दिवस ऊन द्यावं आणि खाटेएवढ्या वाफ्याला दोन टोपल्या कुजलेलं शेणखत मिसळावं. ताजं शेण घालू नये; त्याने मुळं करपतात, हुमणी येते. कन्हार जमिनीत पाणी साचतं, तिथे वाफे उंच करावेत. रेताड जमिनीत सपाट वाफे बरे.

मेथी, पालक, मुळा थेट पेरावेत. सांभाराचे धने हलके रगडून दोन फाकी कराव्यात, रात्रभर भिजवून पेराव्यात. उगवायला आठ-दहा दिवस लागतात. सगळं एकदम पेरू नये. दर पंधरा दिवसांनी एकेक ओळ टाकली तर ताटात खंड पडत नाही. सध्या रमजान फेब्रुवारीच्या सुमारास येतो. जानेवारीच्या सुरुवातीला टाकलेला सांभार इफ्तारीच्या वेळी कोवळा मिळेल. पुदिन्याच्या काड्या मात्र आताच लावाव्यात. वांगी, टमाटर, मिरचीची रोपं चार-पाच आठवड्यांची झाली की असरनंतर, ऊन उतरल्यावर लावावीत. गुलाबाची छाटणीही याच दिवसांत करावी.

पाणी सकाळी, बुडाशी द्यावं. घरात पाच वेळा वजू होते. त्या पाण्यात साबण नसतो. ते नालीत सोडण्यापेक्षा आळ्यात सोडावं. मळणीनंतरची तणस झाडांच्या बुडाशी पसरली की ओल टिकते, गवतही कमी उगवतं. वालावर मावा दिसला तर ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून संध्याकाळी फवारावी.

आता घर पक्कं झालं की अंगणात आधी फरशी येते आणि सांदवाडी संपते. तिच्याबरोबर सासू-आईने वर्षानुवर्षं राखलेलं वालाचं, वांग्याचं बी संपतं. ते दुकानात मिळत नाही. पाकिटातल्या संकरित बियांचं पुढल्या वर्षी तसंच पीक येईल, याचा भरवसा नसतो. म्हणून फरशी घालताना निदान दोन खाटांएवढी माती उघडी ठेवावी. जागा नसेलच तर बुडाला भोकं पाडलेल्या जुन्या बादल्या, टोपल्याही चालतात. वालाच्या पहिल्या बहरातल्या चार चांगल्या शेंगा वेलावरच वाळू द्याव्यात, बी राखेत घोळून डब्यात ठेवावं.

लावलेल्या झाडाचं माणसाने, पाखराने, जनावराने खाल्लं तरी लावणाऱ्याला सदक्याचं सवाब मिळतं, ही हदीस आपण मुलांना सांगतोच. यंदा त्यांच्या हाती एकेक ओळ सोपवावी आणि पहिली जुडी शेजारच्या घरी त्यांच्याच हातून पाठवावी.