ब्राइटनेसचं बटण चालत नाही? तेवढ्यासाठी लॅपटॉप भंगारात काढू नका

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ला टीपीएम २.० आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे बरेच धडधाकट लॅपटॉप त्यात बसत नाहीत. अशा लॅपटॉपवर उबंटू किंवा मिंट छान चालतं. पण काही मॉडेलवर एक गोष्ट अडते: ब्राइटनेसचं बटण दाबलं तरी उजेड कमी-जास्त होत नाही.

तक्रार बारीक वाटेल. पण पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या कुडपणसारख्या गावात पावसाळ्यात लाइट गेली की सगळी भिस्त बॅटरीवर. आणि बॅटरी खाण्यात स्क्रीनचा बॅकलाइट पुढेच असतो.

मुळात ते बटण स्क्रीनला थेट जोडलेलं नसतं. ते फक्त सूचना देतं. ती बॅकलाइटपर्यंत पोचवायला लिनक्सकडे तीन मुख्य वाटा आहेत: बायोसमधली एसीपीआय, लॅपटॉप कंपनीचा ड्रायव्हर आणि थेट ग्राफिक्स ड्रायव्हर. २०१२मध्ये विंडोज ८ आलं, तेव्हापासून विंडोज तिसऱ्या वाटेने जायला लागलं. मग अनेक लॅपटॉपमध्ये एसीपीआयची वाट नावापुरतीच उरली. विंडोजवर चाललं म्हणजे कंपनीचं काम झालं!

डिसेंबर २०२२च्या लिनक्स कर्नल ६.१मध्ये ही वाट निवडायची पद्धत नव्याने लिहिली गेली. त्यामुळे आधी नवी आवृत्ती टाकून बघा.

तरीही अडलं तर सेटिंगमधला ब्राइटनेसचा स्लायडर सरकवा. त्याने उजेड बदलला, तर गडबड फक्त बटणाची. एफएन की सोबत दाबून पाहा. स्लायडरही ढिम्म असेल, तर वाट चुकली आहे. लॅपटॉप सुरू होताना ग्रबच्या मेनूत 'ई' दाबा. 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इंग्रजीत 'एसीपीआय अंडरस्कोर बॅकलाइट', बरोबरचं चिन्ह आणि 'नेटिव्ह' असं सलग, मध्ये जागा न सोडता लिहा. मग एफ१० दाबा. जमलं नाही तर 'नेटिव्ह'ऐवजी 'व्हिडिओ' किंवा 'व्हेंडर'. हा बदल एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. चाललं की मग ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये कायमचा करा.

लिनक्स टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय, आवाज आणि ब्राइटनेस तपासा. एका ओळीने सुटणाऱ्या अडचणीपायी चालता लॅपटॉप कपाटात पडला, तर नुकसान आपलंच आहे.