निरीक्षणे खुली झाली; आता ती उघडायची कशावर?

पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरून आदित्य-एल१ या यानाने टिपलेली सूर्याची निरीक्षणे इस्रोने जानेवारी २०२५ मध्ये सर्वांसाठी खुली केली. अॅस्ट्रोसॅट आणि चांद्रयान-२ यांची विदा, म्हणजेच डेटा, त्याआधीच खुली झाली होती. खोडद येथील जीएमआरटी या ३० अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीचा संग्रहही अभ्यासकांना उपलब्ध आहे. देशाच्या पैशातून मिळवलेली निरीक्षणे देशातील कोणत्याही विद्यार्थ्याला घरबसल्या उतरवून घेता यावीत, ही मोठीच गोष्ट आहे.

परंतु उतरवून घेतल्यानंतर पुढे काय?

रेडिओ निरीक्षणांच्या विश्लेषणासाठी जगभर वापरले जाणारे 'कासा' आणि क्ष-किरण वर्णपटांसाठीचे 'एक्सस्पेक' ही दोन्ही साधने लिनक्स किंवा मॅकसाठी घडवलेली आहेत. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. आपल्या पदवी महाविद्यालयांतील आणि घरांतील संगणकांवर मात्र प्रामुख्याने विंडोज असते. त्यातही घरात लॅपटॉप एकच. त्यावर वडिलांचे हिशेब, बहिणीचे अर्ज आणि सर्वांची छायाचित्रे. प्रकल्पासाठी येणारे विद्यार्थी मला पहिला प्रश्न कृष्णविवरांबद्दल विचारत नाहीत. ते विचारतात, "सर, लॅपटॉप घरचा आहे. काही बिघडणार नाही ना?"

या भीतीला माझ्यापाशी एक साधे उत्तर आहे : घरच्या लॅपटॉपमधील डिस्कला हात लावू नका; लिनक्स बाहेरच्या डिस्कवर ठेवा. संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या डिस्कवरून घ्यायची, हे आपल्याला निवडता येते. यूएसबीने जोडलेल्या डिस्कवर संपूर्ण लिनक्स इन्स्टॉल केले, की ती जोडून काम करावे आणि संपल्यावर संगणक बंद करून ती काढून घ्यावी. घरच्यांना त्यांचा लॅपटॉप जसाच्या तसा मिळतो. केवळ चाचणीसाठीचा 'लाइव्ह' पेनड्राइव्ह मात्र पुरेसा नाही. वेगळी सोय केली नसेल तर संगणक बंद होताच त्यावरचे काम पुसले जाते.

डिस्क कोणती घ्यावी, याचे उत्तर भौतिकशास्त्रच देते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कच्या तबकडीला एका फेऱ्यासाठी सुमारे ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्यात शीर्ष सरकण्याचा वेळ मिळवला, की सेकंदाला जेमतेम शंभराच्या आत विखुरलेल्या नोंदी वाचून होतात. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होताना तर हजारो लहान फायली वाचाव्या लागतात. एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही; ती सेकंदाला अशा हजारो नोंदी वाचते. म्हणून लहान का होईना, एसएसडीच घ्यावी आणि ती यूएसबी ३.० च्या खाचेत जोडावी.

सावधगिरी कशाची घ्यावी, हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. संशोधक विद्यार्थी असताना मामांच्या लॅपटॉपला डिस्क जोडून मी लिनक्स इन्स्टॉल केले. इन्स्टॉल करताना बूटलोडर, म्हणजे संगणक सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, बाहेरच्या डिस्कऐवजी आतल्या डिस्कवर लिहिला गेला आणि ते माझ्या लक्षात आले नाही. मी डिस्क घेऊन वसतिगृहावर परतलो. दुसऱ्या दिवशी मामांचा फोन : पडदा काळा, आणि दुकानाचा सारा हिशेब आत. एकही फाइल गेली नव्हती. सुरुवातीच्या क्रमात विंडोजला पुन्हा पहिले स्थान देताच सारे पूर्ववत झाले. पण ते अर्धे तास मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मी सांगतो : इन्स्टॉल करण्यापूर्वी आतली डिस्क तात्पुरती बंद करता येत असेल तर करा; नसेल तर बूटलोडर कुठे जातो आहे हे दोनदा पाहा. बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्या. आणि घड्याळ तपासा. यंत्रातील वेळ विंडोज स्थानिक मानते, तर लिनक्स सहसा जागतिक प्रमाणवेळ मानते. म्हणून आपल्याकडे नेमका साडेपाच तासांचा फरक दिसू शकतो. निरीक्षणांच्या वेळा नोंदवणाऱ्याने हे विसरून चालणार नाही.

विंडोजच्या आतच लिनक्स चालवण्याची सोय आहे, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारेल. ज्याच्याकडे भरपूर मेमरी, मोकळी जागा आणि संगणकाचे सर्व अधिकार आहेत, त्याने ती सोय जरूर वापरावी. चार जीबी मेमरीच्या, भरत आलेल्या, सामायिक लॅपटॉपवर मात्र ती धाप टाकते. शिवाय विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारी कितीतरी यंत्रे अजून धडधाकट आहेत. त्यांना भंगारात काढण्यापूर्वी हा मार्ग वापरून पाहायला हवा.

तरीही हा प्रश्न मी एकट्या विद्यार्थ्याच्या गळ्यात घालू इच्छित नाही. सी-डॅकने 'बॉस' ही भारतीय लिनक्स आवृत्ती २००७ मध्येच आणली. तेव्हा उणीव तंत्रज्ञानाची नाही. माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक भौतिकशास्त्र विभागाने दहा एसएसडी घ्याव्यात, त्यांवर विश्लेषणाची साधने आधीच बसवावीत, आणि ग्रंथालयातून पुस्तक मिळते तशी ती डिस्क विद्यार्थ्याला सत्रभरासाठी द्यावी. प्रयोगशाळेतील संगणकही बाहेरच्या डिस्कवरून सुरू करण्याची परवानगी द्यावी. आज अनेक ठिकाणी तो पर्याय पासवर्डमागे बंद असतो. दहा डिस्कांचा खर्च विभागाच्या एखाद्या मध्यम उपकरणापेक्षा जास्त नाही.

विदा खुली करणे हे पहिले पाऊल होते आणि ते आपण टाकले. एखाद्या तालुक्याच्या गावातील मुलगी घरच्यांचा लॅपटॉप रात्री दहानंतर हाती घेऊन सूर्यावरील ज्वाळेचा वर्णपट स्वतः काढील, तेव्हा दुसरे पाऊल पडले असे म्हणता येईल. तुमच्या विभागात अशी डिस्क मिळते का? नसेल, तर उद्याच विभागप्रमुखांना विचारा.